माणसाची आकृती, उघडं रान आणि जागेची निवड: यॉर्कशायर स्कल्प्चर पार्कबद्दल

पाऊलवाट:

बागेतलं शिल्प चांगलं का वाईट हे ठरवताना आपण शिल्पाकडेच बघत राहतो, ते ज्या जमिनीवर उभं आहे तिच्याकडे कोणी बघत नाही. माझं म्हणणं असं की शिल्प माणसाच्या आकृतीचं असेल तर अर्धं काम ती जमीनच करते. बऱ्याच दिवसांपासून यावर लिहायचं होतं, इथे शिल्पकारही आहेत आणि लँडस्केपवालेही आहेत, म्हणून धागा काढतेय.

मी राहते तिथून यॉर्कशायर स्कल्प्चर पार्क जवळ आहे. इंग्लंडमध्ये, वेकफील्डजवळच्या वेस्ट ब्रेटन गावाला लागून. १९७७ साली पीटर मरे यांनी ते सुरू केलं, ते तेव्हा तिथल्याच ब्रेटन हॉल कॉलेजात शिकवायचे. अठराव्या शतकात एका जमीनदार घराण्याने घडवलेली ही इस्टेट, ५०० एकर, दोन तळी, जुनी प्रचंड झाडं, उतार, आणि मेंढ्या चरतात अशी मोकळी कुरणं. हेन्री मूर जवळच्याच कॅसलफर्डचा (जन्म १८९८) आणि बार्बरा हेपवर्थ तर वेकफील्डचीच (१९०३), त्यामुळे त्या दोघांची शिल्पं इथे आपल्या घरच्या मातीत आहेत असं म्हणायला हरकत नाही. पण मला मुख्य बोलायचंय ते आत्ताच्या लोकांबद्दल.

हाउमे प्लेन्सा हा बार्सिलोनाचा शिल्पकार (जन्म १९५५). त्याची 'विल्सिस' (२०१६) म्हणून एक आहे, ओतीव लोखंडातलं मुलीचं डोकं, सात मीटर उंच, डोळे मिटलेले, तळ्याच्या बाजूला. वरच्या अंगाने उतरत येताना ते समोरून दिसतं तेव्हा एकदम भरीव वाटतं, गाल, ओठ, कपाळ सगळं गोलाईदार. मग तुम्ही पायवाटेने बाजूला सरकता आणि तो चेहरा अरुंद व्हायला लागतो, अजून पुढे गेलात की कळतं हे डोकं दोन्ही बाजूंनी चेपलेलं आहे, आणि बाजूने बघितलं तर जवळजवळ पातळच. प्लेन्सा खऱ्या मुलींच्या चेहऱ्यांचं स्कॅनिंग करतो आणि मग तो आकार उभा ताणून एका बाजूने दाबतो. गॅलरीत हे कळायला चार पावलं पुरतात आणि मग ती एक गंमत होऊन जाते. इथे त्याला पाचदहा मिनिटं लागतात कारण वाट वळत जाते, मध्ये झाडं येतात, चेहरा लपतो, परत दिसतो तेव्हा तो बदललेला असतो. म्हणजे हे शिल्प बघायचा वेळ तळ्याने आणि वाटेने ठरवलाय. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

हेपवर्थची 'द फॅमिली ऑफ मॅन' (१९७०) तिथेच एका उतारावर आहे. नऊ आकृत्या, ब्राँझच्या, एकावर एक ठोकळे रचून केलेल्या, आपल्या उतरंडीसारख्या. पूर्वज, आईबाप, तरुण मुलगी, मुलगा, नवरा, नवरी, आणि शेवटी 'अल्टिमेट फॉर्म'. डोकं हातपाय असं काही नाही, तरी लांबून बघितलं की माणसं उभी आहेत असंच वाटतं, आणि त्यातलं माणूसपण बरंचसं उतारामुळे येतं, कारण सपाटीवर ठेवले असते तर ते नऊ खांब झाले असते, उतारावर कोणी वर कोणी खाली, कोणी मागे राहिलेलं, असं कुटुंब दिसतं.

आणि २०२४ च्या उन्हाळ्यापासून २०२५ च्या वसंतापर्यंत तिथे भारती खेर यांचं मोठं प्रदर्शन होतं, 'अल्केमीज'. दक्षिणेत नवरात्रात गोलू मांडतात ना, त्यातल्या मातीच्या बाहुल्या त्या गोळा करतात, फुटलेल्या तुटलेल्या, आणि एकीचं धड दुसरीचं डोकं जोडून नवीन देह करतात, मग त्यातल्या काही ब्राँझमध्ये प्रचंड मोठ्या होतात. देव्हाऱ्याशेजारच्या पायऱ्यांवरची बाहुली इंग्लंडच्या कुरणावर, ढगाळ आकाशाखाली. मी तिथे बराच वेळ उभी होते आणि मला ते अजिबात उपरं वाटलं नाही, याचं कारण मी अजून शोधतेय.

तर प्रश्न असा: आपल्याकडे बागेत माणसाची आकृती म्हटलं की चौथरा, कठडा, फुलांचा ताटवा, नावाची पाटी. कोणाचाच पुतळा नसलेली, नुसती माणसाची आकृती, गवतात किंवा झाडाखाली, चौथऱ्याशिवाय, असं तुम्ही कुठे बघितलंय का? आणि नसेल तर ते आपल्या हवेत, आपल्या उजेडात चालेल का?

ओतारी_कोल्हापूर:

ताई लेख आवडला. मी स्वतः मूर्ती ओततो, वडीलही हेच करायचे, म्हणून धातूच्या अंगाने थोडं लिहितो.

पहिली गोष्ट मापाची. उघड्यावर माणूस खऱ्या मापाचा केला की तो लहान दिसतो. स्टुडिओत साडेपाच फुटाची आकृती भरदार वाटते, तीच मैदानात नेऊन उभी करा, आकाश तिला खाऊन टाकतं, पोरगेली दिसायला लागते. म्हणून आम्ही पुतळा करताना सव्वापट दीडपट घेतो आणि वर चौथरा देतो. आता जो शिल्पकार मुद्दाम खऱ्या मापाचा माणूस उघड्यावर ठेवतो त्याला तेच हवं असतं. अँटनी गॉर्मलीचं लिव्हरपूलजवळ क्रॉस्बीच्या किनाऱ्यावरचं काम बघा, 'अनदर प्लेस', स्वतःच्या अंगाच्या साच्यावरून ओतलेले १०० लोखंडी माणसं, जवळजवळ तीन किलोमीटर पसरलेली, एकेक ६५० किलोचा, सगळी समुद्राकडे तोंड करून. भरतीला पाणी येतं, माणसं बुडतात, ओहोटीला परत दिसतात. तिथे माणूस लहान दिसायलाच पाहिजे नाहीतर समुद्र मोठा कसा दिसणार. मी हे फोटोत आणि व्हिडिओत बघितलंय फक्त, पण ओतकामवाल्याला वजन आणि माप फोटोतही कळतं.

दुसरं लोखंड आणि ब्राँझचा फरक. ओतीव लोखंड बाहेर ठेवलं की त्याला गंज चढतो, तो तपकिरी थर म्हणजेच त्याचा रंग, प्लेन्साला आणि गॉर्मलीला तो हवाच असतो. ब्राँझला आम्ही पॅटिना देतो, धातू तापवून वर रसायन मारायचं, हिरवट, तपकिरी, काळपट जे पाहिजे ते, आणि वरून मेण. बाहेरच्या ब्राँझला नेमाने धुऊन परत मेण लावावं लागतं, हे इकडे कोणी करत नाही. मी एका नगरपालिकेच्या बागेसाठी बसलेल्या म्हातारीची आकृती केली होती, डोक्यावर पदर, हातात काही नाही, नुसती बसलेली, आणि तपकिरी पॅटिना फार मन लावून केला होता. दोन वर्षांनी गेलो तर तिला सोनेरी ऑइल पेंट मारलेला. कोणी वाईट हेतूने मारला नाही, कुठल्यातरी कार्यक्रमाआधी बाग "स्वच्छ" करताना मारला. पण चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या भरून गेल्या होत्या. अजून वाईट वाटतं.

रानवाटा_लँडस्केप:

फारच छान धागा. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे, पुण्यात काम करते.

पाऊलवाट, तू "जमीन" म्हणतेस ना, त्यात एक भर घालते. ब्रेटनची ती जमीन नैसर्गिक नाहीये, ती रचलेली आहे. इंग्लिश लँडस्केप पार्क हा प्रकारच असा की सगळं आपोआप झाल्यासारखं दिसलं पाहिजे. तिथली तळी डिअर्न नदीच्या खोऱ्यात पाणी अडवून केलेली आहेत, झाडांचे पुंजके नजरेच्या रेषा ठरवून लावलेले आहेत, आणि 'हा-हा' म्हणून एक प्रकार असतो, म्हणजे एका बाजूने उभी भिंत आणि दुसऱ्या बाजूने उतरता चर, त्यामुळे घरातून बघितलं तर हिरवळ सलग दिसते, कुंपण दिसतच नाही, पण गुरं इकडे येऊ शकत नाहीत. ब्रेटनला असा हा-हा आहे आणि अँडी गोल्ड्सवर्दीने २००७ मध्ये त्याच्याच भिंतीत दगडी चौकोन बांधून आत झाडाचे ओंडके अडकवलेत, 'हँगिंग ट्रीज'.

म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी कोणीतरी ठरवलेलं होतं की इथून चालणारा माणूस या वळणावर थांबेल आणि त्याला समोर काहीतरी दिसेल. तेव्हा तिथे देऊळवजा मंडप किंवा एखादा पूल असायचा. आज त्याच नजरेच्या टोकाला प्लेन्साचं डोकं आहे. शिल्प तिथे इतकं बसतं त्याचं हे कारण आहे, जागा आधीपासूनच कोणाची तरी वाट बघत होती.

आपल्या सार्वजनिक बागा या पद्धतीने आखलेल्याच नसतात. मधोमध कारंजं, भोवती गोल रस्ता, चौकोनी लॉन आणि "हिरवळीवर चालू नये". जिथे गवतावर पाय ठेवायचा नाही तिथे शिल्पाभोवती फिरणार कसं? मग ते एकाच बाजूने बघायचं राहतं, आणि एकाच बाजूने बघायचं म्हटल्यावर चौथरा आलाच.

चिंचबन:

सगळ्यांबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मला बागेत माणसं नको असतात. मी शहरात दिवसभर माणसांत असतो, होर्डिंगवर चेहरे, मोबाइलमध्ये चेहरे, चौकाचौकात पुतळे. बागेत जातो ते झाडं बघायला. तिथेही कोणीतरी ब्राँझचा माणूस उभा करून ठेवला की झाड त्याचं नेपथ्य होऊन जातं. उत्तम झाड असेल तर त्याला शिल्पाची गरज काय?

शिवाय सगळीच शिल्पं काही जागेशी बोलत नसतात. डेमियन हर्स्टची 'व्हर्जिन मदर' त्याच यॉर्कशायरच्या पार्कात होती ना, दहा मीटरची गरोदर बाई, अर्ध्या अंगावरची कातडी सोललेली, पोटातलं मूल दिसतंय. मुलगी तिकडे शिकायला होती तेव्हा आम्ही गेलो होतो. त्या टेकाडावर ती बाई मैलभरावरून दिसायची. मी झाडं बघत होतो तर नजर फिरून फिरून तिथेच. हा संवाद म्हणायचा का? मला तर ती एकटीच बोलत होती असं वाटलं.

पाऊलवाट:

चिंचबन, 'व्हर्जिन मदर'बद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. ते काम कुठेही ठेवलं तरी तसंच दिसेल, न्यूयॉर्कच्या चौकात ठेवा नाहीतर टेकाडावर ठेवा, त्याला टेकाडाकडून काहीच नको आहे. माझ्यासाठी हीच कसोटी आहे, शिल्प तिथून उचललं तर त्याचं काही कमी होतं का, आणि जागेचं काही कमी होतं का.

पण झाड नेपथ्य होतं हे मला सरसकट पटत नाही. मूरची 'लार्ज टू फॉर्म्स' तिथे मेंढ्यांच्या कुरणात आहे, मेंढ्या उन्हापावसात तिच्या आडोशाला बसतात, अंग घासतात. मूरला मेंढ्या फार आवडायच्या, गाय किंवा घोडा बाजूला आला की शिल्प लहान वाटायला लागतं, मेंढीचं माप त्याला बरोबर वाटायचं. शिल्प ही उघड्या हवेची, दिवसाच्या उजेडाची कला आहे असं तो म्हणायचा. मी तिथे जाते तेव्हा त्या कुरणाकडे जास्त बघते, शिल्प नसतं तर मी तो उतार एवढा निरखला नसता. हा माझा अनुभव, तुमचा वेगळा असू शकतो.

मृण्मयी_ज:

"कोणाचाच पुतळा नसलेली माणसाची आकृती, चौथऱ्याशिवाय, झाडाखाली" असं आपल्याकडे कुठे आहे का हे विचारलंय. आहे की! शांतिनिकेतनला जा.

रामकिंकर बैज यांची 'सुजाता', १९३५. उंच, सडपातळ, झाडांच्या मध्ये उभी असलेली बाई, अंग इतकं लांबट ओढलेलं की भोवतालच्या बुंध्यांमधलाच एक बुंधा वाटावा. आधी ती नुसतीच चालणारी मुलगी होती, नंदलाल बोस यांनी सुचवलं म्हणून डोक्यावर पायसाचं भांडं आलं आणि ती सुजाता झाली, बुद्धाला खीर नेणारी. पाऊलवाट, तुझा प्लेन्सा आज मुलींचे चेहरे उभे ताणतोय, रामकिंकरांनी झाडं बघून बाईचं अंग ताणलं, नव्वद वर्षांपूर्वी!

आणि १९३८ ची 'संथाल कुटुंब'. बाप कावड घेऊन चाललाय, कावडीत एक पोर, आईच्या डोक्यावर टोपली आणि कडेवर मूल, बरोबर कुत्रा. गाव सोडून कुठेतरी कामाला निघालेत. सिमेंट आणि तिथलीच जांभ्याची खडी मिसळून केलंय, त्यामुळे अंगाचा पोत त्या बीरभूमच्या लाल जमिनीसारखाच खरबरीत आहे. जमिनीतून उठून चालायला लागल्यासारखं. पैसे नव्हते, ब्राँझ परवडणार नव्हतं, म्हणून सिमेंट, पण त्यातून जे झालं ते ब्राँझमध्ये झालंच नसतं असं माझं ठाम मत आहे. मी चित्रकला शिकवते, दर वर्षी मुलांना याचे फोटो दाखवते आणि दर वर्षी कोणीतरी विचारतं की हे रस्त्याच्या कडेला असं उघडं कसं ठेवलं. आता त्यावर संरक्षणासाठी छप्पर आहे. ते गरजेचं असेल, पण आभाळाखाली चालणारी माणसं छपराखाली आली की त्यांचं चालणं थोडं थांबतं. मला तरी ते बघवत नाही.

आणि महाराष्ट्रातच बघायचं तर अलिबागजवळ सासवण्याला करमरकरांचं घर. वि. पां. करमरकर (१८९१ ते १९६७), पुण्यातला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा ज्यांनी केला ते. त्यांच्या राहत्या घराचं संग्रहालय आहे, घरात शिल्पं, अंगणात शिल्पं, कोळणी, शेतकरी, गुरं. अंगणातली म्हैस तर इतकी खरी की लहान मुलं आधी बिचकतात आणि मग अंगाशी जातात. समोर नारळीपोफळी, मागे समुद्र. ते सगळे त्याच गावचे लोक आहेत ना, ज्या मातीतले त्याच मातीत बसलेत.

समुद्रपलीकडे:

सिअ‍ॅटलहून लिहितोय. प्लेन्साचं नाव वाचलं म्हणून आलो.

आमच्याकडे ऑलिंपिक स्कल्प्चर पार्कात त्याची 'एको' आहे. आधी २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कात होती, गगनचुंबी इमारतींच्या मधल्या लॉनवर, २०१४ पासून इकडे पाण्याच्या काठाला. ४६ फूट उंच, पांढरी, संगमरवराची भुकटी घातलेल्या रेझिनची, डोळे मिटलेले. ग्रीक कथेतली एको म्हणजे शाप मिळालेली वनदेवता, तिला स्वतःचं बोलता येत नाही, दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे परत म्हणायचे. इथे तिचं तोंड पलीकडच्या माउंट ऑलिंपसच्या दिशेला आहे. ढगाळ दिवशी (म्हणजे इथे बहुतेक दिवस) ती आकाशात मिसळून जाते, फक्त डोळ्यांच्या आणि ओठांच्या रेषा उरतात. ऊन पडलं की एकदम टणक होते.

न्यूयॉर्कमध्येही मी ती बघितली होती, नोकरी तिकडे होती तेव्हा. तिथे इमारतींच्या गर्दीत ती शांतता घेऊन आली होती, लोक जेवणाचे डबे घेऊन तिच्या समोर बसायचे. इकडे शांतता आधीच आहे, पाणी आहे, डोंगर आहेत, त्यामुळे तिला वेगळंच काहीतरी करावं लागतं. मला इथली जास्त आवडते, बायकोला तिथली. आमचं यावर आजवर एकमत झालेलं नाही.

पाऊलवाट यांच्या कसोटीबद्दल म्हणून मला शंका आहे. शिल्प उचललं तर काहीतरी कमी झालं पाहिजे म्हणता, पण 'एको' उचलली आणि दुसरीकडे ठेवली तर तिचं काहीतरी नवीनच झालं. उलट चांगल्या शिल्पाला दोन जागा मिळाव्यात असं मला वाटतं.

रानवाटा_लँडस्केप:

समुद्रपलीकडे, हे फार आवडलं. यॉर्कशायरलाही बरीचशी शिल्पं उसनी आणलेली असतात, काही काळाने जातात, दुसरी येतात. ओस्लोचा व्हिगेलँड पार्क याच्या बरोबर उलट. आपल्याकडचे बरेच लोक युरोप टूरमध्ये तिथे जातात. गुस्ताव व्हिगेलँड या एकाच माणसाची २०० हून जास्त शिल्पं, सगळ्या आकृत्या माणसांच्या, नागड्या, जन्मापासून मरणापर्यंत. मधोमध एकाच ग्रॅनाइटच्या शिळेतून कोरलेला मोनोलिथ, १४ मीटरचा, त्यात १२१ माणसं एकमेकांवर चढलेली. तो कोरायलाच तीन कारागिरांना चौदा वर्षं लागली. तिथे बाग शिल्पांसाठी आखली, सरळ अक्ष, पूल, कारंजं, पायऱ्या, माथ्यावर मोनोलिथ. तिथून एक शिल्प हलवलं तर अख्खी रचना मोडेल. भव्य आहे, मी भारावून गेले होते, पण तिथे माझी पावलं कुठे वळणार हे व्हिगेलँडने आधीच ठरवून टाकलेलं होतं. ब्रेटनला मी चुकू शकते, आणि चुकत चुकत एखाद्या शिल्पापाशी पोचू शकते.

आता उजेडाबद्दल, कारण मूळ प्रश्नात ते होतं. इंग्लंड, नॉर्वे, सिअ‍ॅटल, सगळीकडे सूर्य खाली असतो, उजेड तिरपा आणि मऊ. चेहऱ्यावरची हलकीशी गोलाईसुद्धा दिसते. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी सूर्य डोक्यावर, कपाळ पांढरं फटक, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, बाकी सपाट. प्लेन्साचा तो हळुवार चेहरा दुपारी बारा वाजता नागपूरच्या बागेत ठेवला तर त्यातलं निम्मं दिसणारच नाही. आपल्या जुन्या शिल्पकारांना हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर वेरूळला इतकं खोल कोरलंय आणि देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर छज्जाच्या सावलीत आकृत्या बसवल्यात. तेव्हा आपल्याकडे माणसाची आकृती बागेत ठेवायची तर ती झाडाच्या सावलीत ठेवावी, मोकळ्या लॉनच्या मधे नको. वड, चिंच, आंबा, ज्यातून उजेड गाळून येतो. आणि गवताचाही विचार हवा, आपलं गवत चार महिने हिरवं आणि आठ महिने पिवळं. काळपट ब्राँझ पावसाळ्यात हिरव्यावर वेगळं दिसेल आणि फेब्रुवारीत सोनेरी गवतावर वेगळं. मला दुसरं जास्त बघायला आवडेल.

ओतारी_कोल्हापूर:

उजेडाचं अगदी बरोबर. आम्ही पण पुतळा बसवायच्या आधी तोंड कुठल्या दिशेला विचारतो आणि त्याप्रमाणे डोळ्यांची खोली कमीजास्त करतो.

उन्हाचं अजून एक. मे महिन्यात ब्राँझ इतकं तापतं की हात ठेववत नाही, म्हणजे पोरांनी अंगाखांद्यावर खेळावं अशी आकृती असेल तर सावली पाहिजेच.

शहजहानपूरी:

मी थोडं काळजीचं लिहितो. उघड्यावर ठेवलं की चोरी आणि तोडफोड आलीच. स्कॉटलंडमध्ये ग्लेनकिल्न म्हणून जागा आहे, तिथे एका जमीनदाराने मूरची 'किंग अँड क्वीन' डोंगरउतारावर बसवली होती, खाली जलाशय, भोवती काही नाही, ती दोघं बसून खोऱ्याकडे बघताहेत. माझ्या मते विसाव्या शतकात माणसाच्या आकृतीला मिळालेली ती सगळ्यात सुंदर जागा. १९९५ मध्ये कोणीतरी दोघांची डोकी कापून नेली. डोकी परत बसवली, पण २०१३ मध्ये तिथलंच मूरचं 'स्टँडिंग फिगर' चोरीला गेलं आणि मग बाकीची शिल्पंही तिथून हलवली. २००५ मध्ये तर मूरच्या स्वतःच्या इस्टेटीतून दोन टनांची 'रिक्लायनिंग फिगर' ट्रकमध्ये घालून नेली, भंगारात वितळवली असं मानतात.

ह्यूस्टनला २०२४ मध्ये शाहझिया सिकंदर या लाहोरमध्ये जन्मलेल्या कलावतीच्या 'विटनेस' या शिल्पाचं डोकं वादळाच्या रात्री फोडलं. १८ फुटांची स्त्री, केसांच्या वेण्या शिंगांसारख्या वळलेल्या, त्यावरून वाद पेटला होता. तिने ते दुरुस्त न करता तसंच ठेवायचं म्हटलं. मला तो निर्णय धाडसी वाटला, पण अस्वस्थही करून गेला.

म्हणून विचारतो, राखण कोण करणार? कठडा आपल्याला आवडत नाही, पण कठडा उगाच आलेला नाही.

मृण्मयी_ज:

राखण लोक करतात जर ते शिल्प त्यांचं झालं तर. सासवण्याच्या त्या म्हशीला कोणी इजा केलेली मी ऐकलं नाही.

भारती खेर यांच्याबद्दल पाऊलवाटने विचारलं होतं की ते उपरं का वाटलं नाही. माझा अंदाज सांगते. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या तोंडाशी त्यांची 'अ‍ॅन्सेस्टर' उभी होती, १८ फुटांची रंगवलेली ब्राँझची बाई, अंगाला २३ पोरांची डोकी चिकटलेली. फोटोत बघ, तिचा रंग फुटक्या बाहुलीचा, टवके उडाल्यासारखा. ती मोठी आहे पण तिने बाहुलीपण सोडलेलं नाही. राजा, सेनापती, नेता असा कोणी असता तर तो परक्या जमिनीवर उपरा दिसला असता कारण त्याने ती जमीन आपली म्हटली असती. ही बाई तसं काही म्हणत नाही, ती पाहुणी म्हणून आलीय. म्हणून कुरण तिला जागा देतं.

पाऊलवाट:

मृण्मयी, हे पटलं. खरंच पटलं. मी तिथे उभी असताना हेच जाणवत होतं पण शब्द सापडत नव्हते.

शहजहानपूरी, राखणीचा मुद्दा खरा आहे आणि त्याला सोपं उत्तर माझ्याकडे नाही. यॉर्कशायरला तिकीट आहे, कर्मचारी आहेत, संध्याकाळी दारं बंद होतात, म्हणून तिथे मेंढ्यांच्या अंगणात मूर ठेवता येतो. ग्लेनकिल्नला फक्त विश्वास होता. आपल्याकडे सुरुवात विद्यापीठांच्या आणि कला महाविद्यालयांच्या आवारांपासून व्हावी असं मला वाटतं, जिथे माणसांची रोजची जा-ये आहे आणि रात्री फाटक आहे. शांतिनिकेतनला तसंच झालं ना, रामकिंकर तिथे शिकवत होते, विद्यार्थ्यांच्या वाटेवरच शिल्पं उभी राहिली.

चिंचबन:

आवाराची कल्पना चांगली आहे. माझी एकच विनंती, झाड आधी निवडा. उत्तम जुनं झाड बघा, मग त्याच्या सावलीत काय बसेल ते शिल्पकाराला विचारा. उलट क्रमाने झालं की फांद्या छाटल्या जातात, शिल्प नीट दिसावं म्हणून, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

रानवाटा_लँडस्केप:

१००% मान्य. आणि मुळांचा विचार करा, आठदहा फुटी ब्राँझला सिमेंटचा पाया लागतो, तो मोठ्या झाडाच्या बुंध्याजवळ खोदला तर मुळं तुटतात आणि झाड पाचसात वर्षांत वाळायला लागतं. पाया फांद्यांच्या घेराच्या बाहेर घ्यायचा, किंवा आकृती बसलेली, पसरट, हलकी ठेवायची म्हणजे उथळ पायावर भागतं.

साधा_प्रश्न:

सगळं वाचलं, खूप शिकायला मिळालं. पुढच्या वर्षी मुलाकडे मँचेस्टरला जाणार आहोत. आई बरोबर असेल, तिला फार चालवत नाही. यॉर्कशायरचं हे पार्क तिला झेपेल का? आणि मला शेवटी एक विचारायचंय ओतारी दादांना, आमचं घर रत्नागिरीकडे आहे, अंगणात फणसाखाली बसलेल्या माणसाची छोटी ब्राँझ आकृती ठेवायची इच्छा आहे, समुद्राच्या हवेत टिकेल का?

पाऊलवाट:

काका, मँचेस्टरहून गाडीने या, एम वन हायवेच्या ३८ नंबरच्या एक्झिटजवळच आहे. सगळं पार्क एका दिवसात होत नाही आणि करायचंही नाही. आईंना घेऊन मुख्य इमारतीजवळचा भाग करा, तिथे भुयारी गॅलरी आहे, वरच्या बागेत शिल्पं आहेत आणि तिथून खालचा उतार आणि तळ्याची बाजू दिसते. तळ्याकडे जायला चांगलाच उतार आहे आणि येताना तेवढाच चढ, तिकडे तुम्ही एकटे जाऊन या. बूट चांगले घाला, चिखल असतो. तिकीट आधी काढून ठेवा.

ओतारी_कोल्हापूर:

साधा प्रश्न, टिकेल, पण काळजी घ्यावी लागेल. खाऱ्या हवेत ब्राँझवर हिरवे ठिपके येतात, पावडरीसारखे, ते दिसले की लगेच साफ करून घ्यायचे, वाढू दिले तर धातू खातात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मऊ कापडाने मेण लावा. आकृती आतून पोकळ असते म्हणून बुडाला पाणी निघायला भोक ठेवलंय का हे ओतणाऱ्याला नक्की विचारा, आणि आतला सांगाडा स्टेनलेसचा घ्यायला सांगा, साधं लोखंड आत सडतं आणि धातूला फुगवतं. फणस पडायच्या जागेच्या बाहेर बसवा. आणि चौथरा नको, जांभ्याच्या एका चिऱ्यावर बसवा, अंगणाच्या पातळीला.